परतीचा पाट

धानाच्या मुलखात पाण्याची चौकशी धरणावर करून भागत नाही. धरणावरचा माणूस सांगतो, पाणी सोडले. पाटावरचा सांगतो, इथून तर गेले. ते पोचले की नाही, हे ज्याची बांधी पाटाच्या अगदी शेवटी आहे त्यालाच विचारावे लागते. भंडारा जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण उभे राहिले ते अलीकडे. त्याच्या कितीतरी आधीपासून साकोली, लाखनी, लाखांदूर या भागांत कोहळी समाजाने बांधलेले तलाव आहेत. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाच्या पोटात, त्याचा आणखी खालच्याच्या, अशी त्यांची साखळी. आज त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि थोडक्यात ‘मामा तलाव’. पाळ कितीही मजबूत असो, गावाचे सुखदुःख ठरते ते शेवटच्या बांधीवर.

रक्ताभिसरणाची बहुतेक पुस्तके धरणापासून सुरू होतात. पहिल्या पानावर हृदय, त्याचे चार कप्पे, त्याच्या झडपा, निळ्या-तांबड्या बाणांची आकृती. मीही शाळेत विज्ञान शिकवताना वर्षानुवर्षे तीच आकृती फळ्यावर काढत आलो. एकदा आठवीच्या वर्गात एका मुलीने विचारले, “सर, हृदय रक्त ढकलते हे समजले. पण पायातले रक्त परत कोण आणते?” मी म्हटले, शिरा आणतात. ती म्हणाली, “शिरा म्हणजे पाट झाला. पाट उताराने वाहतो. पायातून वर तर चढ आहे.”

त्या दिवशी मी वेळ मारून नेली. तिचा प्रश्न मात्र गेला नाही. पुढे वाचत गेलो तसे लक्षात आले की या शास्त्राच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासात सगळ्यांत मोठी चूक झाली ती परतीच्या वाटेवर, सगळ्यांत मोठा शोध लागला तोही तिथेच, आणि आमच्या जिल्ह्याला छळणारे दोन जुने आजारही त्याच वाटेवर दबा धरून बसलेले आहेत. म्हणून हे पुस्तक उलट्या टोकाने लिहिले आहे. ते शेवटच्या बांधीपासून सुरू होते आणि हृदयापर्यंत बऱ्याच उशिरा पोचते.

आधी चुकीबद्दल, कारण ती आपल्याला फार जवळची आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सातशे सिरा सांगितल्या आहेत, आणि त्यांचे काम समजावताना बागेला पाणी देणाऱ्या पाटांची आणि शेताला भिजवणाऱ्या चाऱ्यांची उपमा दिली आहे. तिथे शेतासाठी आलेला शब्द ‘केदार’ आहे. केदार म्हणजे बांध घालून पाणी अडवलेले शेत. आमच्याकडची बांधीच ती. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही रक्तवाहिन्यांना बागेतल्या पाटांचीच उपमा दिली. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या दोन परंपरांना एकच चित्र सुचावे यात नवल नाही. दोघांच्याही भोवती शेती होती. दुसऱ्या शतकातल्या गेलनने या चित्राला शास्त्राचे रूप दिले. यकृतात रक्त तयार होते, शिरांतून अवयवांकडे जाते आणि तिथे जिरते, जसे पाणी जमिनीत जिरते. थोडेसे रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या न दिसणाऱ्या छिद्रांतून डावीकडे झिरपते, असेही त्याने मानले. न दिसणारी ही छिद्रे वैद्यांनी पुढे हजार-बाराशे वर्षे न पाहताच मान्य केली.

त्यांना पहिला नकार कैरोहून आला. तेराव्या शतकात इब्न अल्-नफीस या वैद्याने लिहून ठेवले की तो पडदा भरीव आहे आणि रक्त उजवीकडून डावीकडे जाते ते फुप्फुसांतून. हे हस्तलिखित विसाव्या शतकात, १९२४ साली, बर्लिनच्या ग्रंथालयात पुन्हा उजेडात आले. तोवर युरोपात सर्व्हेटस आणि कोलंबो यांनी सोळाव्या शतकात तीच गोष्ट मांडली होती.

मोठा हिशेब केला विल्यम हार्वेने, १६२८ साली. हिशेब हाच शब्द योग्य. हृदयाच्या एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडत असेल याचा त्याने मुद्दाम कमीत कमी अंदाज धरला, अर्ध्या तासात ठोके हजारापेक्षा जास्त पडतात हे मोजले आणि गुणाकार केला. उत्तर सबंध शरीरातल्या रक्ताहून मोठे आले. इतके रक्त यकृत कोणत्या अन्नातून बनवील, आणि ते जिरेल तरी कुठे? म्हणजे तेच रक्त फिरून येत असले पाहिजे. आजच्या आकड्यांनी पाहा: मिनिटाला ७० ठोके, एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला पाच लिटरच्या आसपास आणि दिवसाला सात हजार लिटर. अंगात रक्त मात्र सगळे मिळून पाच लिटर. ज्याने तलावाचे पाणी बांध्यांना पुरवून पाहिले आहे त्याला हा गुणाकार एका बैठकीत पटेल.

हार्वेचा दुसरा पुरावा तर वाचकाच्या अंगावरच आहे. दंडाला गमछा बेताचा आवळून बांधा, हात खाली सोडा. कोपराखाली शिरा फुगून येतील आणि त्यांत मधे मधे गाठींसारखे उंचवटे दिसतील. त्या झडपा. शिरेवर एक बोट घट्ट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त वर, पुढच्या झडपेपलीकडे पुसून न्या. मधला तुकडा रिकामा राहतो. वरून रक्त खाली उतरत नाही. दाबलेले बोट उचलले की तो खालून भरतो. या झडपांचे वर्णन हार्वेच्या पदुआतल्या गुरूने, फॅब्रिशियसने, १६०३ साली छापले होते. पण पाटाची उपमा त्याच्या डोक्यात इतकी पक्की होती की बाहेर जाणारे रक्त हातापायांत एकदम साचू नये म्हणून ते अडवायला झडपा आहेत, असा अर्थ त्याने लावला. दार दिसले, ते कोणत्या बाजूला उघडते हे दिसले नाही. मला ही हकीकत विज्ञानाच्या इतिहासातल्या कितीतरी विजयकथांपेक्षा जास्त शिकवते.

हार्वेला एक गोष्ट शेवटपर्यंत दिसली नाही: धमनीतले रक्त शिरेत शिरते कुठून? त्याच्या हाताशी पुरेसे सूक्ष्मदर्शक नव्हते. ते मालपीगीने १६६१ साली बोलोन्यात बेडकाच्या फुप्फुसात पाहिले. केसाहूनही कितीतरी बारीक वाहिन्या एका बाजूने धमनीला, दुसऱ्या बाजूने शिरेला जोडलेल्या. आमच्या शाळेत आम्ही पावसाळ्यात बांधीतला बेडूकमासा आणून, ओल्या कापसात धरून, त्याची पारदर्शक शेपटी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असू आणि मग त्याला परत पाण्यात सोडत असू. एकामागे एक जाणाऱ्या रक्तपेशी पाहिल्या की वर्गातला गलका आपोआप थांबतो. तीस वर्षांत मला यापेक्षा चांगला तास घेता आला नाही.

पुढच्या साडेतीनशे वर्षांत या शास्त्रात निरनिराळ्या वळणांची घराणी तयार झाली. नवशिक्या वाचकाला ती ओळखता आली की पुष्कळ गोंधळ मिटतो, कारण प्रत्येक घराणे आपले उत्तर हेच पूर्ण उत्तर म्हणून सांगते.

सर्वांत थोरले घराणे नळ आणि दाब मोजणाऱ्यांचे. स्टीफन हेल्स या पाद्र्याने घोडीच्या धमनीत काचेची उभी नळी बसवली आणि रक्त आठ फुटांवर चढलेले पाहिले. ते १७३३ साली छापले. पॅरिसच्या प्वाझयने बारीक नळ्यांतून द्रव किती वाहतो हे मोजून नियम काढला: नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. रक्तदाबाच्या बऱ्याच औषधांमागे हा नियम उभा आहे. दंडाला बांधायचा पट्टा १८९६ साली इटलीत रिवा-रोचीने आणला आणि १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन शल्यविशारदाने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे ऐकायला शिकवले. उपकेंद्रातली सिस्टर आज जे करते ते हेच.

दुसरे घराणे म्हणते, नळ्यांचे काय घेऊन बसलात, पाणी वाटणारा कोण ते सांगा. गावाच्या तलावातून सगळ्या बांध्यांना एकाच वेळी पाणी देता येत नाही, पाळ्या लावाव्या लागतात. शरीराचेही तसेच. सगळ्या केशवाहिन्या एकदम उघडल्या तर त्या भरायला रक्त पुरणार नाही. जेवल्यावर आतड्याची पाळी, रोवणीच्या वेळी पायांची आणि कमरेची. क्लॉद बेर्नारने १८५० च्या सुमारास सशाच्या मानेतला एक मज्जातंतू कापला आणि त्याचा कान लाल, गरम झालेला पाहिला. रक्तवाहिन्यांवर मज्जातंतूंचा ताबा असतो हे त्यातून उलगडत गेले. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोगला केशवाहिन्यांच्या याच उघडझापीवरील कामासाठी १९२० चे नोबेल मिळाले. (शरीरातल्या रक्तवाहिन्या एक लाख किलोमीटर लांब आहेत हे प्रश्नमंजूषेतले लाडके वाक्यही क्रोगच्याच अंदाजावरून आले. आज जाणकारांना तो आकडा फार फुगलेला वाटतो. मीही तो शिकवला आहे, आता माघार घेतो.) वाहिन्यांचे आतले अस्तर स्वतःच नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल करते, या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले.

या घराण्यातला अमेरिकेचा आर्थर गायटन मला सगळ्यांत जवळचा वाटतो. हृदय आपल्या मर्जीने रक्त पाठवत नाही, त्याच्याकडे जितके परत येते तितकेच ते पुढे ढकलते, असे त्याने विसाव्या शतकाच्या मध्यापासून हिशेब मांडून दाखवले. अंगातले दोन-तृतीयांशाच्या आसपास रक्त कोणत्याही क्षणी शिरांत असते. धरण कितीही मोठे असो, वरून येवा नसेल तर सोडणार काय? आमच्या आठवीतल्या मुलीने नेमके इथेच बोट ठेवले होते.

तिसरे घराणे रक्तातल्या रसायनाचे, चौथे गावेच्या गावे वर्षानुवर्षे तपासून आजाराची कारणे शोधणाऱ्यांचे. त्याचा आरंभ सहसा १९४८ साली अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावी सुरू झालेल्या पाहणीपासून धरतात. महाराष्ट्राच्या वाट्यालाही या इतिहासातले काही मोठे दिवस आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयरोपण केले. जगातले पहिले होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली कळवलेला दुर्मीळ रक्तगट जगभर ‘बॉम्बे’ याच नावाने ओळखला जातो. या गोष्टींवर मराठीत लिहिले गेले आहे, म्हणून इथे थांबत नाही. मला आमच्या जिल्ह्यात परत यायचे आहे.

सिकलसेल हा शब्द विदर्भात आता घराघरांत माहीत आहे. नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या या दोषाबद्दल १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. शिकागोच्या हेरिकने विळ्याच्या आकाराच्या पेशी नोंदवल्या होत्या १९१० साली. लायनस पॉलिंगने १९४९ मध्ये हा रेणूचा आजार आहे असे दाखवले आणि पुढे काही वर्षांत इंग्रमने हिमोग्लोबिनमधले एकच बदललेले अमिनो आम्ल शोधून काढले. हे बहुतेक पुस्तकांत सापडते. जे सहसा सापडत नाही ते असे: ही पेशी जाताना बिघडत नाही, येताना बिघडते. धमनीतून जाताना तिच्यात प्राणवायू असतो आणि ती बऱ्यापैकी गोल, लवचीक असते. केशवाहिनीत प्राणवायू देऊन टाकला की आतले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ दांड्या होतात. लांबोळकी, कडक झालेली ती पेशी केशवाहिनीच्या पुढच्या छोट्या शिरांच्या तोंडाशी अडकते आणि तिच्यामागे सगळी रांग तुंबते. हाडांत, पोटात, छातीत उठणारी ती जीवघेणी कळ म्हणजे परतीच्या पाटात पडलेली अडचण. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही बहुधा दहा-वीस दिवस. पाणी कमी प्यायले, थंडी बाधली, ताप आला की कळ का उठते, हे एकदा अशा रीतीने समजले की ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला पोकळ वाटत नाही.

दुसरा आजार हत्तीरोग. पूर्व विदर्भातल्या इतर जिल्ह्यांप्रमाणे भंडाराही त्याच्या पट्ट्यात आहे. आणि इथे त्या जुन्या, चुकलेल्या उपमेला मला थोडा न्याय द्यावासा वाटतो. रक्त जिरत नाही हे खरे. पण रक्तातले पाणी खरोखरच पाझरते. केशवाहिन्यांच्या भिंतींतून दिवसभरात काही लिटर द्रव पेशींच्या आजूबाजूला उतरतो. इंग्लंडच्या स्टार्लिंगने १८९६ मध्ये या पाझराचे बळ कशाने ठरते ते सांगितले, आणि पाझरलेले बहुतेक पाणी केशवाहिनीच्या दुसऱ्या टोकाला परत आत ओढले जाते, असे चित्र पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. गेल्या दोन-तीन दशकांत ते चित्र बरेच बदलले. बहुतेक अवयवांत परत ओढणे असे सतत चालत नाही. पाझर गोळा करून रक्तात आणण्याचे मुख्य काम लसीकावाहिन्या करतात. सतराव्या शतकात बार्थोलिन आणि रुडबेक यांनी शोधलेल्या या वाहिन्यांना पुढे फार काळ दुय्यम मानले गेले. आज त्यांच्याकडे पुन्हा लक्ष वळले आहे आणि या विषयातले सगळ्यांत रंगतदार संशोधन मला तिथेच चाललेले दिसते.

हत्तीरोगाचा दोऱ्यासारखा जंत नेमका याच वाहिन्यांत घर करतो आणि वर्षानुवर्षे राहतो. निचऱ्याच्या चाऱ्याच बुजल्या, तर बांधीचे काय होते ते आम्हाला सांगायला नको. पाय सुजतो, मग कातडी जाड होते. पुरुषांत अंडवृद्धी होते. या जंतांची अतिसूक्ष्म पिल्ले रक्तात असतात, ती टिमोथी लुईसने कलकत्त्यात १८७२ साली पाहिली. पाच वर्षांनी चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सनने त्यांना डासाच्या पोटात वाढताना पाहिले. ही पिल्ले दिवसा फुप्फुसांतल्या वाहिन्यांत दडतात आणि रात्री, त्यांचा क्युलेक्स डास चावायला येतो त्या वेळी, कातडीजवळच्या रक्तात उतरतात. म्हणून हत्तीरोगाची तपासणी रात्री होते. या डासाला गटारातले, डबक्यातले घाण पाणी लागते. त्याचा दोष धानाच्या बांधीवर टाकू नये.

आता त्या मुलीचे उत्तर. पायातले रक्त वर चढते ते मुख्यतः पोटरीच्या जोरावर. पोटरीचे स्नायू आवळले की खोल शिरा पिळल्या जातात, झडपा रक्ताला खाली येऊ देत नाहीत, श्वास घेताना छाती त्याला वर ओढते. माणूस नुसता उभा राहिला तर पावलातल्या शिरांचा दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास जातो. चालू लागला की तिशीच्या आसपास येतो. रोवणीत दिवसभर वाकून उभ्या राहणाऱ्या बायकांचे पाय संध्याकाळी का भरून येतात, आणि चिखलातून चालत घरी पोचेपर्यंत ते थोडे हलके का वाटतात, याचे कारण यात आहे.

हे सगळे आजच लिहायचे कारण सरळ आहे. तपासण्या गावात येऊन पोचल्या, त्यांचा अर्थ पोचलेला नाही. देशातला उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम पहिल्या टप्प्यात ज्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्रातून भंडाराही होता. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ पासून चालू आहे. हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघरी येतात. लोकांच्या हातात आकडे आहेत, कार्डे आहेत, गोळ्यांची पाकिटे आहेत. पण ‘बीपी वाढला तर डोके दुखले असते, माझे दुखत नाही’ असे म्हणून गोळी बंद करणारा माणूस मला दर आठवड्याला भेटतो. दोन्हीकडे ‘एएस’, म्हणजे सिकलसेलचे वाहक, असूनही सोयरीक जमवताना कुणी विचारत नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. आणि पाय सुजलेला नाही म्हणून हत्तीरोगाची गोळी ओट्याखाली टाकली जाते. यांतल्या कुणालाही मी अडाणी म्हणणार नाही. आपल्या अंगात काय चालले आहे याचे धड चित्र त्यांना कुणी काढून दाखवलेले नाही, आणि त्यात मी, म्हणजे शाळामास्तरही, आलोच.

पुस्तक नववी-दहावीची मुले, आशाताई, परिचारिका आणि आजाऱ्याच्या घरची माणसे यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. शब्दांबाबत थोडी मोकळीक घेतली. आमच्या बोलण्यात सगळीच ‘नस’ असते. शालेय पुस्तकांत कधी रोहिणी-नीला आल्या, कधी धमनी-शीर. मी धमनी आणि शीर वापरले आहे. आजारावर घरगुती उपाय यात सापडणार नाहीत, आणि आयुर्वेद की ॲलोपॅथी हा वादही नाही. सुश्रुत इथे येतो तो इतिहासातला एक बारकाईने पाहणारा माणूस म्हणून. पाटाची उपमा मी सोडलेली नाही. ती कुठे लागू पडते आणि कुठे मोडते हे मात्र प्रत्येक ठिकाणी सांगितले आहे. फॅब्रिशियसची गत आपली होऊ नये.

वाचायला बसण्याआधी गमछा घेऊन तो दंडाचा प्रयोग एकदा करून पाहा, घरातल्या लहानांनाही करून दाखवा. आणि रात्री गाव निजल्यावर आरोग्य खात्याची माणसे दार वाजवून बोटाचे थेंबभर रक्त मागतील, तेव्हा ‘सकाळी या’ म्हणू नका. सकाळी त्या जंतांची पिल्ले तिथे नसतात.